आजारपणाने काम सुटलं? अर्ज 'आजारी' म्हणून करायचा की 'दिव्यांग' म्हणून?

नमस्कार मंडळी.

समजा, एक रिक्षावाले काका आहेत. वय ५२. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, रिक्षा सुटली. काकू दोन घरची धुणीभांडी करून महिन्याला तीन हजार आणतात. काका आता संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करणार. कोणीतरी सांगितलं, पक्षाघात त्या योजनेत बसतो. बरोबर सांगितलं. काकांनी 'दुर्धर आजार' या रकान्यात खूण केली, अर्ज दिला आणि अर्ज नामंजूर झाला. कारण उत्पन्न जास्त.

आता हेच काका, हाच आजार, हेच उत्पन्न. अर्ज फक्त 'दिव्यांग' म्हणून केला असता, तर मंजूर होऊ शकला असता. वर हजार रुपये जास्त मिळाले असते. हे कसं, ते आज सांगतो. या एका खुणेवरून बरीच घरं हक्काच्या पैशाला मुकतात.

[फळ्याकडे वळून]

योजना महाराष्ट्र सरकारची. वय १८ ते ६५, राज्यात किमान १५ वर्षं वास्तव्य. ६५ ओलांडली की माणूस श्रावणबाळ योजनेत जातो. निराधार योजनेत विधवा, परित्यक्ता, अनाथ असे बरेच गट आहेत, त्यांच्यावर आज बोलत नाही. आपल्या कामाचे गट दोन. एक, क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एचआयव्ही, कुष्ठरोग यासारख्या आजारामुळे स्वतःचं पोट भरू न शकणारे. दुसरा, दिव्यांग, म्हणजे ज्यांच्याकडे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे असे.

पहिल्या गटाला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये. दुसऱ्या गटाला ५०,०००. काकूंचे महिन्याचे तीन हजार, वर्षाचे झाले ३६,०००. २१ च्या वर, ५० च्या खाली. लक्षात आलं? आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम १,५०० वरून २,५०० केली. वाढ फक्त दिव्यांगांना. आजारी म्हणून यादीत असलेला माणूस १,५०० वरच आहे.

आता २१,००० या आकड्याबद्दल बोलतोच. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. अख्ख्या घराचे. शेजारीच लाडकी बहीण योजना बघा, तीही १,५०० ची, पण तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे धडधाकट बाईला अडीच लाखांपर्यंत चालतं आणि केमो घेणाऱ्या माणसाच्या घरात महिन्याला दोन हजार आले की तो निराधार राहत नाही. मला हे पटत नाही, पण नियम आज असा आहे. बरं, आजारी बाई निराधारचे १,५०० घेत असेल तर लाडकी बहीण वेगळी मिळत नाही. दोन्हीकडे अर्ज टाकून बसू नका.

मग सगळ्यांनी दिव्यांग म्हणूनच अर्ज करावा का? नाही करता येत. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकार मोजतो. त्यात पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, मानसिक आजार आहे, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहे. गडचिरोली, नंदुरबारकडच्या मंडळींनी सिकलसेल नीट ऐका, कारण तिकडे अजून कित्येक जण तो नुसता आजार समजून बसलेत. पण कर्करोग त्या २१ मध्ये नाही. हृदयविकार नाही. किडनी निकामी होणं नाही. डायलिसिसवरचा माणूस आठवड्यातून दोन-तीनदा मशीनला जोडलेला असतो, कोण ठेवेल त्याला कामावर? तरी कायद्याच्या लेखी तो दिव्यांग नाही. त्याला आजाराच्याच गटातून जावं लागतं. तिथे नियमात 'यासारख्या' हा शब्द आहे, तो धरून ठेवायचा. यादीत किडनी नाही म्हणून खिडकीवरूनच परत पाठवलं, तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि निर्णयही लेखी मागा.

एक लक्षात ठेवा, दिव्यांगत्व तपासणारं सरकारी रुग्णालयातलं डॉक्टरांचं बोर्ड आजाराचं नाव मोजत नाही, शरीराचं झालेलं नुकसान मोजतं. मधुमेह यादीत नाही, पण मधुमेहाने पाय कापावा लागला तर ते अस्थिव्यंग. ब्रेन ट्यूमरच्या ऑपरेशननंतर दृष्टी गेली तर ते अंधत्व. आमचे काका असेच बसतात, पक्षाघात आजारात आणि लुळा पडलेला हात-पाय दिव्यांगत्वात.

आता कागद. हा बघा.

[दोन कागद कॅमेऱ्यासमोर धरून]

मीच तयार केलेले नमुने आहेत, कोणाचे खरे नाहीत. डावीकडचा वाचतो: 'सदर रुग्ण कर्करोगाने ग्रस्त असून या रुग्णालयात उपचार घेत आहे.' संपलं. उजवीकडचा: 'सदर रुग्ण कर्करोगाने ग्रस्त असून उपचारांमुळे व अशक्तपणामुळे कोणतेही कमाईचे काम करण्यास असमर्थ आहे.' डॉक्टर तेच, सही तीच. पण डावीकडचा कागद फक्त आजार सांगतो आणि योजना विचारते ती पोट भरण्याची क्षमता. हा दाखला सरकारी रुग्णालयाचा लागतो. खाजगी डॉक्टरांच्या फायली तिथे आधार म्हणून न्या. आणि सरकारी डॉक्टरांना नम्रपणे सांगा, "साहेब, काम करू शकत नाही असा उल्लेख हवाय, निराधारच्या अर्जाला." खोटं लिहा असं आपण म्हणत नाही, अर्धवट सोडू नका एवढंच म्हणतोय.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मात्र वेगळ्या रस्त्याने येतं. जून २०२१ पासून ते यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या देशपातळीवरच्या ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवरूनच निघतं. आधी नोंदणी करायची, रुग्णालय निवडायचं, प्रिंट काढायची, मग बोर्डाच्या दिवशी सिव्हिलला जायचं. तिथला बोर्डाचा वार आधी विचारून घ्या, नाहीतर आजारी माणसाला एसटीने नेऊन परत आणावं लागेल. झटका ताजा असेल तर बोर्ड सहसा 'काही महिन्यांनी या' म्हणतं. तेवढी सुधारणा होऊ शकते म्हणून. तोपर्यंत फिजिओथेरपीचे कागद, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, सगळं एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. कार्ड पांढरं आलं तर ४० टक्क्यांच्या खाली, पिवळं ४० ते ८०, निळं ८० आणि वर. टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं, कायद्यात तशी तरतूद आहे. ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखाली असाल तर केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतन योजना लागते, पण ते वेगळे पैसे समजू नका. केंद्र ३०० देतं, वरचे राज्य घालतं.

राहिला उत्पन्नाचा दाखला. तलाठ्याच्या चौकशीवर तो तहसीलदार देतात. काकूंचं उत्पन्न लपवू नका, पण आजारापूर्वीचं काकांचं रिक्षाचं उत्पन्नही त्यात राहू देऊ नका. लोक जुनाच दाखला जोडतात, त्यावर धंदा चालू असतानाचे आकडे असतात आणि तिथेच अर्ज बाद. काम कधी सुटलं ते तलाठ्याला सांगा, परवाना किंवा गाडी विकल्याचा कागद असेल तर दाखवा.

[खुर्चीत पुढे सरकत]

आता नोकरीवाल्यांसाठी. तुमच्या पगारातून ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापली जाते का? मग तहसील नंतर, आधी ईएसआयचा दवाखाना. पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल तर ही योजना लागू. बघा गंमत, आकडा तोच २१,०००, तिथे वर्षाचा, इथे महिन्याचा. सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवस वर्गणी भरली गेली असेल, तर आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात, किडनी निकामी होणं, पार्किन्सन अशा ठरलेल्या ३४ दीर्घ आजारांसाठी मर्यादा दोन वर्षांपर्यंत जाते आणि दर ८० टक्के होतो. त्याला मात्र दोन वर्षं सलग विमा असलेली नोकरी लागते. म्हणजे जो किडनीचा रुग्ण दिव्यांग यादीत नव्हता, तो इथे थेट यादीत आहे.

काम करताना किंवा कामावर जाता-येता अपघात झाला, तर वर्गणीचे दिवस मोजतच नाहीत. पगाराच्या ९० टक्के मिळतात आणि कायमचं नुकसान राहिलं तर बोर्ड ठरवेल त्या प्रमाणात आयुष्यभर.

म्हणून कळकळीने सांगतो, मुकादम किंवा एचआर 'राजीनामा द्या, बरे झालात की परत घेऊ' म्हणत असेल तर सही करू नका. आधी ईएसआय दवाखान्याच्या डॉक्टरांचा दाखला घ्या. खाजगी रुग्णालयाचा कागद तिथे नुसता चालत नाही.

पीएफ कापला जात असेल तर आणखी एक. पेन्शनला दहा वर्षं लागतात हे सगळ्यांना माहीत असतं. नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर ती दहा वर्षांची अट नाही, एका महिन्याची वर्गणीही पुरते. आणि बोर्ड बघतं ते असं की, तुम्ही जे काम करत होता तेच काम आता करू शकता का. वेल्डरची नजर गेली तर तो वेल्डर म्हणून अपात्र ठरतो. पेन्शन थोडी असते, किमान १,०००, पण ती निराधारचे अर्ज मंजूर करणाऱ्या तहसीलच्या समितीवर अवलंबून नाही. त्यासाठी फॉर्म १०डी भरायचा. सरकारी नोकरी असेल तर त्याहून बरं. दिव्यांगत्व आलं म्हणून काढता येत नाही, तेवढ्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं.

अर्ज मंजूर झाला की पैसे थेट खात्यात येतात, म्हणून आधार बँकेला नुसतं जोडलेलं नको, अनुदान जमा होण्यासाठी सीडिंग झालेलं हवं. बँकेत हाच शब्द वापरा. दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आणि यूडीआयडी कार्ड हातात घेतलंत की मुदतीची तारीख बघा. तात्पुरतं प्रमाणपत्र असेल तर संपायच्या दोन-तीन महिने आधी पुन्हा बोर्डाला जा. ते संपलं आणि नवं आलं नाही, तर अनुदान थांबतं, आणि थांबलेलं पुन्हा चालू करायला नव्या अर्जाइतकीच पळापळ होते.

पुढच्या भागात सिकलसेलच्या टक्केवारीबद्दल बोलू. त्यासाठी रक्त चढवल्याच्या नोंदी आत्तापासून जमवायला लागा.