पुस्तकाचे पान गळते तेव्हा

चार वर्षांची एक मुलगी चित्रांचे पुस्तक चाळत बसली आहे. शिवण सैल झाल्यामुळे त्यातला एक कागद सुटून जमिनीवर पडतो. ती तो उचलते आणि सांगते, "आई, पान गळलं." मोठे माणूस पान सुटले म्हणेल, निखळले म्हणेल, गळले म्हणणार नाही, कारण गळतात ती झाडाची पाने. मात्र झाडावरचे पान आणि पुस्तकातले पान यांच्यामध्ये या मुलीने आपल्यापुरती एक वाट पाडली आहे आणि एका पानाचे क्रियापद ती त्या वाटेने दुसऱ्या पानापर्यंत घेऊन आली आहे. चूक म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

एका शब्दाला परस्परांशी नाते असलेले अनेक अर्थ असणे, म्हणजे अनेकार्थता. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ साली आपल्या ग्रंथात या गुणधर्माला स्वतंत्र पारिभाषिक नाव दिले. पुढे १९४५ मध्ये जॉर्ज झिप्फ यांनी दाखवले, की शब्द जितका अधिक वापरातला, तितके त्याचे अर्थही सहसा अधिक असतात. मुलांच्या कानांवर सर्वांत आधी पडतात ते नेमके हेच, सतत वापरातले शब्द.

मराठीतले 'लागणे' हे क्रियापद घेऊ. पडल्यावर गुडघ्याला लागते, मग भूक लागते, झोप लागते, दिवा लागतो, काम करायला वेळ लागतो, दाराला कडी लागते आणि कुणाची तरी वाट बघत असताना डोळाही लागतो. कोशात या अर्थांना क्रमांक दिलेले असतात. मुलाला असे क्रमांक कोणीही सांगत नाही. त्याला मिळतात ती फक्त वाक्ये आणि ती बोलली जात असतानाचे प्रसंग. तरीही दिवा लागला म्हणून त्याला कुठे दुखले असेल, असे कोणतेही मूल समजत नाही. रोज आपल्यासमोर घडणारी ही गोष्ट किती मोठी आहे, याची जाणीव आपल्याला क्वचितच होते.

'पाठ' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. दुखते ती पाठ आणि पुस्तकातला दुसरा पाठ यांचा उच्चार एक असला, तरी त्यांचे उगम निराळे आहेत: पहिली 'पृष्ठ' या संस्कृत शब्दातून आली, तर दुसऱ्याचे मूळ वाचण्या-म्हणण्याशी जोडलेले आहे. 'माझी पाठ' आणि 'दुसरा पाठ' म्हणताना बदलणारे लिंगही मुलाला हा वेगळेपणा सुचवते. पान मात्र झाडाचे असो वा पुस्तकाचे, ते नपुंसकलिंगीच राहते.

केवळ उच्चार सारखा असणे आणि अर्थाचे नाते असणे, हा फरक लहान मुलांना कळतो का? महेश श्रीनिवासन आणि जेसी स्नेडेकर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलांसाठी याचा शोध घेतला. पुस्तक म्हणजे हातात धरायची वस्तू आणि पुस्तक म्हणजे त्यातला मजकूर, असे दोन अर्थ 'बुक' या शब्दाला आहेत. त्याच्या जागी एक बनावट शब्द यांपैकी एका अर्थाने शिकवला, तेव्हा मुलांनी तो दुसऱ्या अर्थालाही लावला. केवळ उच्चाराने सारख्या असलेल्या शब्दांच्या बाबतीत त्यांनी तसे केले नाही. म्हणजे नात्यातले अर्थ या वयातही मनात एकमेकांना धरून असतात.

परंतु नाते वापरता येणे वेगळे आणि सांगता येणे वेगळे. सॉलोमन अॅश आणि हॅरिएट नर्लोव्ह यांनी १९६० मध्ये तीन ते बारा वर्षांच्या मुलांना गोड, थंड, कठीण, वाकडा अशा अर्थांच्या इंग्रजी शब्दांबद्दल विचारले. लहान मुलांना हे शब्द प्रामुख्याने वस्तूंपुरते ठाऊक होते. सात-आठ वर्षांची मुले ते माणसाच्या स्वभावालाही लावत, पण दोन्ही अर्थांचा संबंध बहुतेकांना सांगता येत नसे; ते त्याहून मोठ्या मुलांना जमे.

अर्थात, शब्दांत उत्तर मागितले की लहान मुलाची समज झाकली जाते, असे माझे मत आहे. नॉसिका पुस्कुलूस आणि मायकेल टोमासेलो यांच्या २०२० मधील अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना उत्तर बोलून द्यायचे नव्हते, समोरच्या खेळण्यांतून योग्य ते निवडायचे होते. 'मोठ्या पोटाची बाटली' अशा, त्यांनी पूर्वी न ऐकलेल्या लाक्षणिक वर्णनावरूनही त्यांना योग्य वस्तू ओळखता आली.

गळलेले पान हातात धरलेल्या मुलीला आई विचारते, "झाडाच्या पानाला आणि याला, दोघांना पानच का म्हणायचं?" मुलगी क्षणभर विचार करते. "कारण ते पान आहे ना," ती म्हणते, आणि तो कागद पुस्तकात नेमका त्याच्या जागी ठेवू लागते.