पाण्याखालचा कार्बन आणि शेजाऱ्यांचं भांडण

(हातात पामतेलाची पिशवी)

नमस्कार मंडळी. ही पिशवी ओळखीची वाटतेय ना? 2022च्या दिवाळीत रेशन दुकानात शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' मिळाला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि हे, एक लिटर पामतेल. जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करणारा देश आपलाच, आणि त्यातलं बहुतेक येतं इंडोनेशिया-मलेशियातून. आज तिथल्या जमिनीबद्दल बोलू. हो, जमिनीबद्दल. जंगल गेलं की झाडं गेलेली दिसतात, पण इथे कार्बनचा खरा साठा पायाखाली आहे.

सुमात्रा आणि बोर्निओ या तिथल्या बेटांवर दलदलीची अफाट जंगलं आहेत. तिथे पडलेली पानं, खोडं पाण्यात बुडून राहतात, हवा लागत नाही, म्हणून पुरती कुजत नाहीत. हजारो वर्षं थरावर थर साचत गेले, काही ठिकाणी दहा मीटरहून खोल. याला पीट म्हणतात. ओलं आहे तोवर त्यातला कार्बन निवांत पडून असतो. पण पामची बाग लावायची तर चर खणून पाणी काढून द्यावं लागतं. 1996 मध्ये इंडोनेशियाच्या सुहार्तो सरकारने मध्य कालिमंतानात, म्हणजे बोर्निओच्या इंडोनेशियातल्या भागात, दहा लाख हेक्टरवर भात पिकवायचा घाट घातला आणि हजारो किलोमीटर कालवे खणले. भात जवळजवळ पिकलाच नाही. जमीन मात्र वाळली.

भुशाच्या ढिगात ठिणगी पडलेली पाहिली आहे कधी? ज्वाळा दिसत नाही, वरून पाणी मारलं तरी आत धुमसत राहतं. 1997च्या एल निनोच्या दुष्काळात नेमकं तेच झालं. त्या वर्षी इंडोनेशियातल्या पीटच्या आगींतून निघालेला कार्बन हा जगभरच्या कोळसा-तेल-वायूच्या वार्षिक उत्सर्जनाच्या 13 ते 40 टक्के होता, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. 13 आणि 40 मध्ये एवढं अंतर का? जमीन किती खोल जळाली हे मोजणं महाकठीण.

(पडद्यावर नकाशा)

मग 2002 मध्ये आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेने, क्वालालंपूरला करार केला. गंमत बघा, करार धुराचा आहे, कार्बनचा नाही. धूर सिंगापूरच्या खिडकीतून आत येतो, कार्बन डायऑक्साइड कुणाच्या नाकाला झोंबत नाही. करारात दंड नाही, आणि आग विझवायला शेजाऱ्याला यायचं तरी यजमानाची परवानगी लागते. आगी ज्याच्या घरात, त्या इंडोनेशियाच्या संसदेने मंजुरी दिली ती 2014 मध्ये, सगळ्यात शेवटी!

2015 मध्ये इंडोनेशियाचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष युसुफ कल्ला म्हणाले, शेजारी अकरा महिने आमच्या जंगलाची चांगली हवा घेतात, तेव्हा आभार मानत नाहीत. उर्मट वाटतं खरं. पण बऱ्याच बागांमागचा पैसा सिंगापूर आणि मलेशियातल्या कंपन्यांचा आहे, हेही तितकंच खरं. 2014 मध्ये सिंगापूरने देशाबाहेर आग लावणाऱ्या कंपन्यांनाही दंड करता येईल असा कायदा केला. मला तरी हे पाऊल कराराहून दमदार वाटतं, मात्र पुरावा पलीकडच्या देशात असतो आणि तिथेच घोडं अडतं.

त्याच 2015 मध्ये 26 लाख हेक्टर जळालं. जागतिक बँकेने नुकसान काढलं 16 अब्ज डॉलर. मग इंडोनेशियाने 2016 मध्ये पीट दुरुस्तीसाठी वेगळी संस्था काढली. तिचं काम ऐकून तुम्हाला हसू येईल: कालव्यांवर बांध घालायचे. आपलं 'पाणी अडवा, पाणी जिरवा'! नियम असा, की भूजल जमिनीखाली 40 सेंटिमीटरहून खोल जाता कामा नये. जमिनीत नळी रोवायची आणि पाणी किती खाली गेलंय ते मोजायचं, बस्स. हे आकडे शेजाऱ्यांनी एकत्र ठेवले, तर आग लागायच्या आधीच कुठली बाग वाळतेय ते कळेल.

2019 मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, पुन्हा सुमारे 16 लाख हेक्टर जळालं. मलेशियाने तक्रार केली, तर इंडोनेशियाच्या पर्यावरणमंत्री म्हणाल्या, थोडा धूर तुमच्या सारावाक राज्यातलाही आहे.