भाजी कोण निवडणार?

(पहाटेचं मार्केट)

पहाटेचे तीन वाजलेत. हे वाशीचं एपीएमसी, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीचं मार्केट, म्हणायचं वाशी पण आहे तुर्भ्यात, आणि आपण आत्ता भाजीपाला मार्केटमध्ये उभे आहोत. हा जो हिरवागार ढीग दिसतोय ना, ती सगळी मेथी आहे, त्याच्या मागे शेपू, पालक, कोथिंबीर, कांदापात. नाशिककडनं, पुण्याकडनं रात्रभर गाड्या येतात. आणि इथे भाव एका जुडीचा नसतोच, शेकड्याचा असतो, म्हणजे शंभर जुड्यांचे इतके. हा शॉट जरा निवांत बघा. उद्या मुंबई-ठाण्याच्या ताटात जे हिरवं असणार आहे त्यातलं किती तरी आत्ता या माणसांच्या डोक्यावर आणि पाठीवर आहे.

हे दादा माथाडी कामगार आहेत, मूळचे साताऱ्याचे. १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र करून तो मिळवला. आधी या लोकांच्या कामाला ना ठरलेली मजुरी होती ना म्हातारपणाची कसली सोय. नंतर मार्केट इकडे आलं आणि कोपरखैरणे, घणसोलीत माथाडींची घरं झाली. आजही त्या गल्ल्यांत फिरलात तर निम्मं बोलणं साताऱ्याच्या नाहीतर जुन्नरच्या वळणाचं कानावर पडतं. शिफ्ट संपली की दादा चार जुड्या पिशवीत टाकतात आणि कोपरखैरण्याला निघतात.

(घर, रविवार सकाळ)

आता खरी गोष्ट इथे सुरू होते.

शूटिंगच्या आधी आम्ही ओळखीतल्या घरांमधून एकच विचारत होतो, पालेभाजी आठवड्यातनं किती वेळा होते? भाजी महाग आहे असं फार कोणी म्हटलं नाही, मुलं खात नाहीत हे पण नंतर आलं, पहिलं उत्तर बहुतेक ठिकाणी हेच की निवडत कोण बसणार. आणि हे सांगणारी प्रत्येक वेळी घरातली बाईच होती, जी सकाळी डबे करून लोकल पकडते आणि रात्री आठला परत येते. तिला जाऊन हेल्दी खा, हेल्दी खा असं सांगण्यात काय अर्थ आहे? आधी तिच्या हातातली जुडी घ्या ना कोणीतरी.

दादांच्या या घरात ती घेतात. पंखा बंद केलाय, नाहीतर पेपर उडतो. खाली बसलेत आजी, दादा, सातवीतला मुलगा, त्याची धाकटी बहीण. वहिनी ओट्याशी आहेत, भाकऱ्या चालल्यात. आजींचे हात बघा, नजर टीव्हीवर आणि बोटं आपोआप चाललीत. मेथीचं पान आणि त्याच्याजवळचा कोवळा देठ ठेवायचा, खालचा जाडा काढायचा. नातीने सगळीच पानं एकेक करून खुडायला घेतली होती, आजी म्हणाल्या, 'अगं कोवळा देठ टाकू नको बाय, त्यातच चव असती.' लाल माठाचे जाड देठ तर टाकतच नाहीत, दोरे काढून बोटभर तुकडे करून डाळीत शिजवतात. पिवळं पान, कीड लागलेलं पान बाजूला. चार जुड्यांना चौघांचा मिळून अर्धा तास लागला, आम्ही घड्याळ लावून बसलो होतो.

मग धुणं. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, त्यात भाजी बुडवायची, हलवायची आणि पानं वर उचलून घ्यायची, पातेलं पालथं करायचं नाही कारण माती तळाला बसलेली असते आणि ओतलं की परत पानांवर येते. असं तीन पाण्यातनं. चिरायचं त्यानंतर, आधी चिरून मग धुतलं तर पाण्याबरोबर व्हिटॅमिन सी पण वाहून जातं. आज लागणार नाही ती पानं सुती कपड्यावर पसरून पूर्ण कोरडी करायची, त्याच कपड्यात सैलसर गुंडाळून फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस आरामात राहते. पेपरमध्ये गुंडाळू नका. निवडताना खाली पसरलेला पेपर वेगळा, ओल्या पानांना शाई नको.

एवढा खटाटोप कशासाठी? जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला माणशी निदान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं, बटाटा त्यात मोजायचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ बायकांना ॲनिमिया, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी, निघाला.

(गॅसवर कढई)

हे गरगटं. पालक, थोडी आंबट चुक्याची पानं, तूरडाळ, मूठभर शेंगदाणे, सगळं एकत्र शिजवून रवीने घोटलंय, वरनं लसणाची फोडणी, आवाज ऐका फक्त. सोबत ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबाची फोड. लिंबू घ्याच, पालेभाजीतलं लोह अंगी लागायला आंबटाची मदत होते, आणि जेवणावर लगेच चहा टाळा, चहाने ते अडतं. यात महागाचं काहीच नाहीये, कुठलं पाकीट फोडलेलं नाही, मीठ सुद्धा वहिनी चमच्याने मोजून घालतात, सासऱ्यांना बीपी होतं तेव्हापासूनची सवय.

(सोमवार, सकाळी सहा वाजता)

मेथी निवडलेलीच आहे, त्यामुळे वहिनींना फक्त चिरून ज्वारीच्या पिठात घालायचीय, थोडं बेसन, तीळ, ओवा, मिरची-लसणाचा ठेचा. ओल्या कपड्यावर थापलेली धपाटी, मधे भोक पाडून तेल सोडायचं. पंधरा मिनिटांत दोन डबे भरले, एक मुलाचा आणि एक वहिनींचा स्वतःचा, तो त्या ट्रेनमध्ये जागा मिळाली तर बसून खातात.

शाळेत आम्हाला शूट करता आलं नाही. डबा दुपारी परत आला तो हा. एक तुकडा राहिला होता, आजींनी तो कांद्याबरोबर खाल्ला आणि डबा घासायला नातवालाच पाठवलं.