आतड्याचं ऑपरेशन झालं, आता खायला काय?

(दृश्य : धुळे, सकाळ. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर शहाळ्यांची गाडी, हातात डबे घेतलेले नातेवाईक.)

साक्री, शिरपूर, चोपडा, यावल. कुठून कुठून माणसं आतड्याच्या ऑपरेशनसाठी धुळ्या-जळगावला येतात. कुणाचं आतडं टीबीनं आखडलेलं असतं, कुणाचं टायफॉइडनं फुटलेलं, कुणाचं हर्नियात अडकून काळं पडलेलं. सर्जन खराब भाग काढतात, उरलेली टोकं जोडतात. चार दिवसांनी वॉर्डात प्रश्न येतो : "डॉक्टरसाहेब, यासले आते काय खावाडू?"

बहुतेकदा एका शब्दात उत्तर मिळतं. हलकं. मग घरून पातळ पेज येते, साबुदाणा येतो, नारळपाणी येतं. सगळं मायेनं केलेलं. पण टाक्यांची जागा भरून यायला प्रथिनं लागतात, आणि ती या डब्यात नावालाच असतात. शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नसतं.

(दृश्य : थेंब थेंब पडणारं सलाईन.)

बाटली लावलेली दिसली की घरच्यांना धीर येतो. तिच्यात काय असतं ते बघू. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम २०० कॅलरी. प्रथिन शून्य. ५५ किलो वजनाच्या माणसाला मोठ्या ऑपरेशननंतर रोज साधारण १४०० ते १६५० कॅलरी लागतात, आणि किलोमागे दीड ग्रॅम धरलं तर ८० ग्रॅमच्या वर प्रथिनं.

ती बाहेरून आली नाहीत, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. मांड्या वाळतात, खोकायलाही जोर उरत नाही. मोडलेल्या स्नायूंतून अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक, रक्तात उतरतात. त्यांत ग्लुटामिन नावाचं आम्ल भरपूर असतं. लहान आतड्याचं अस्तर याच ग्लुटामिनवर चालतं. हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं, त्यामुळे त्याची भूकही मोठी.

तोंडानं किंवा नळीनं अन्न देता येत नसेल, तेव्हा ते शिरेतून द्यावं लागतं. १९६८ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला स्टॅनली डड्रिक आणि सहकाऱ्यांनी अशा पोषणावर एका तान्ह्या मुलीची वाढ होऊ शकते हे दाखवलं. मात्र ग्लुटामिन द्रावणात टिकत नाही, म्हणून या बाटल्यांमध्ये ते नसायचं. पुढे ते दुसऱ्या एका अमिनो आम्लाला, अ‍ॅलानिनला जोडून टिकाऊ करण्यात आलं, आणि आशा वाढल्या.

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं. २०१३ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. अतिदक्षता विभागांतले १२२३ रुग्ण, सगळे व्हेंटिलेटरवर, एकाहून जास्त अवयव निकामी झालेले. ज्यांना ग्लुटामिनचा मोठा डोस दिला, त्यांच्यात सहा महिन्यांत मृत्यू जास्त झाले. म्हणून कुणी सांगितलं तरी ग्लुटामिनची महागडी पावडर आणून नळीत घालू नका. कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे मूत्रपिंड, यकृत आणि एकूण प्रकृती पाहून डॉक्टर ठरवतात.

(दृश्य : चुलीवर शिजणारी मुगाची डाळ.)

आतडं चालू झालं, डॉक्टरांनी परवानगी दिली, की मुगाचं घट्ट वरण आणि मऊ भात, दही, चालत असेल तर उकडलेलं अंडं. एकदम पोटभर नाही. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. पेज द्यायचीच असेल तर तिच्यात डाळ घाला. काही आठवड्यांनी चोथा सोसू लागला, की आपले डाळीचे वाफवलेले फुणके आहेत, ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी आहे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, उडदात ते भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. खान्देशातल्या बायांनी हे मिश्रण कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी जमवलं, याचा मला खरोखर अभिमान आहे.

घरी जाताना सर्जनना एवढं जरूर विचारा : लहान आतडं किती उरलंय? ते दोन मीटरपेक्षा कमी असेल, तर नुसत्या घरच्या जेवणावर भागेलच असं नाही. वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. ते उतरत असेल, किंवा जुलाब थांबत नसतील, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तो कागद घेऊन परत या.