स्टेंटवरचा लेप: औषध संपल्यावर उरतं ते

स्टेंट म्हणजे हृदयाच्या अरुंद झालेल्या रोहिणीत फुगा फुगवून बसवलेली, तिला उघडी ठेवणारी तारांची बारीक नळी. औषधी स्टेंटवर औषध असतं तरी किती? २००३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सायफर स्टेंटवर दर चौरस सेंटिमीटरला १४० मायक्रोग्रॅम सिरोलिमस होतं. १८ मिलिमीटर लांबीच्या मध्यम स्टेंटवर सगळं मिळून साधारण दीडशे मायक्रोग्रॅम. मूत्रपिंड बदललेला रुग्ण हेच औषध गोळीतून रोज २ मिलिग्रॅमच्या आसपास घेतो. त्याच्या एका दिवसाच्या मात्रेचा हा जेमतेम तेरावा भाग, आणि तोही महिनाभर पुरवून वापरायचा. हे पुरवण्याचं काम लेपाचं. आपण स्टेंट औषधाच्या नावाने ओळखतो, पण त्याचं यशापयश बहुतांशी लेपातलं पॉलिमर, म्हणजे औषध धरून ठेवणारा प्लास्टिकसारखा पदार्थ, ठरवतं.

महिनाभरच का, ते आधी पाहू. नुसत्या धातूच्या स्टेंटमध्ये शंभरातल्या वीस-तीस जणांची रोहिणी पुन्हा अरुंद व्हायची. फुग्याच्या दाबाने भिंतीला इजा होते आणि ती भरून काढताना तिथल्या स्नायुपेशी गरजेपेक्षा जास्त वाढतात. सिरोलिमस पेशीचं विभाजन सुरुवातीलाच थोपवतं. ते पहिल्याच दिवशी सगळं सुटलं तर रक्ताबरोबर वाहून जाईल आणि पेशी वाढायला लागतील तेव्हा काहीच शिल्लक नसेल. सायफरमध्ये सुमारे ८० टक्के औषध ३० दिवसांत सुटायचं. त्यासाठी औषध मिसळलेल्या थरावर बिनऔषधाचा आणखी एक पातळ थर दिलेला असे. औषधाला त्यातून झिरपत बाहेर पडावं लागे.

आता प्रत्यक्ष लेपाकडे येऊ. गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरत नाही, म्हणून गवंडी ते आधी टोचून खडबडीत करतो. इथे धातूला टोचता येत नाही, म्हणून स्टेंट अल्ट्रासोनिक टाकीत धुऊन, कोरडा करून त्यावर आधी पकड देणारा अस्तर थर देतात. सायफरमध्ये तो पॅरिलिन नावाच्या पॉलिमरचा होता. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर नेमका तिथेच लेप सुटतो. मग पॉलिमर आणि औषध टेट्राहायड्रोफ्युरानसारख्या द्रावकात विरघळवतात. द्रावण मुद्दाम अगदी पातळ ठेवतात आणि फिरत्या स्टेंटवर त्याचा बारीक फवारा मारतात. सगळी कसोटी इथे लागते. फवाऱ्याचं नोझल स्टेंटपासून दूर असेल तर थेंब हवेतच सुकतो आणि लेप भुकटीसारखा खरखरीत बसतो. नोझल जवळ असेल किंवा फवारा जोराचा असेल, तर द्रावण तारांच्या वळणांत साचतं आणि दोन तारांमध्ये पडदा धरतो. हा पडदा सर्वांत घातक: फुगा फुगला की तो फाटतो आणि तुकडा रक्तात सुटू शकतो. म्हणून घाई न करता पातळ फेऱ्या मारायच्या आणि मध्ये वाळवत जायचं.

किती लेप बसला हे आधीच्या आणि नंतरच्या वजनातल्या फरकावरून कळतं. वजन मायक्रोग्रॅममध्ये असल्याने काट्याजवळची हवेची झुळूक किंवा स्टेंटवरचा स्थिर विद्युतभारसुद्धा आकडा चुकवतो. विद्युतभार घालवून, आकडा स्थिरावल्यावरच नोंद करायची.

यानंतर स्टेंट फुग्यावर आवळतात, तेव्हा त्याचा व्यास सुमारे १ मिलिमीटर होतो. रोहिणीत तो तीनपर्यंत उघडतो. उघडताना सगळा ताण तारांच्या वळणांवर येतो: बाहेरच्या बाजूला लेप ताणला जातो, आतल्या बाजूला दबतो. पॉलिमर कडक असेल तर तिथे तडे जातात. फार मऊ असेल तर आवळतानाच तो फुग्याला चिकटतो. म्हणून नमुन्याचे स्टेंट ३७ अंशांच्या पाण्यात उघडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, आणि नजर आधी वळणांवर जाते.

औषध संपल्यावर मात्र सायफरचं पॉलिमर जन्मभर तिथेच राहायचं. काही रुग्णांमध्ये त्याच्याभोवती दाह टिकून राहिला, तारांवर रोहिणीच्या आतल्या पेशींचं अस्तर नीट चढलं नाही आणि वर्षभरानंतरही गुठळ्या झाल्या. २००६ मध्ये ही चिंता जगभर ऐरणीवर आली. स्टेंटनंतर अ‍ॅस्पिरिनबरोबर दिलेली गुठळी रोखणारी दुसरी गोळी डॉक्टरांना न विचारता कधीही बंद करायची नाही, ती याच धोक्यामुळे.

पुढे दोन वाटा निघाल्या. एक, कायमचंच पण रक्ताशी जुळणारं पॉलिमर: झायन्स स्टेंटवरचा फ्लुओरिनयुक्त लेप ८ मायक्रॉनहूनही पातळ आहे. दुसरी, विरघळणारं पॉलिमर. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांपासून बनवलेलं पीएलजीए पाण्याने तुटत जातं. सिनर्जी स्टेंटवर ते फक्त भिंतीकडच्या बाजूला, सुमारे ४ मायक्रॉन जाडीचं असतं आणि साधारण चार महिन्यांत नाहीसं होतं. पण जे शरीरातल्या पाण्याने तुटतं, ते साठवणीतल्या दमटपणानेही तुटणारच. त्यातच स्टेंट निर्जंतुक करायचा इथिलीन ऑक्साइड वायूने, आणि त्या वायूला काम करायला ओलावा लागतो. म्हणजे जे टाळायचं तेच काही तास द्यावं लागतं. त्यामुळे तापमान कमी ठेवून, नंतर निर्वातात ओल आणि उरलेला वायू काढून घेतात, आणि पॉलिमरचा रेणुभार प्रक्रियेआधी व नंतर मोजतात. तो घसरला असेल तर लेप वरून कितीही नितळ दिसो, औषध ठरल्या वेळेआधी सुटणार. ती खेप बाद करावी लागते. पास झालेला स्टेंट ओलावा शोषणाऱ्या पुडीसह अ‍ॅल्युमिनियमच्या पाकिटात बंद होतो. कॅथ लॅबमध्ये, म्हणजे स्टेंट बसवण्याच्या खोलीत, ते पाकीट स्टेंटचं माप नक्की झाल्यावरच फोडायचं.