चौदा शब्द, आठ क्रियापदं

(पडदा काळा. फक्त आवाज.)

ओदी एत आमो. क्वारे इद फाकिआम, फोर्तास्से रेक्वीरिस.
नेस्किओ, सेद फिएरी सेन्तिओ एत एक्स्क्रूकिओर.

संपली कविता. लॅटिनमधली. दोन ओळी, चौदा शब्द, त्यांत आठ क्रियापदं. नाम एकही नाही, आणि विशेषण तर शोधूनही सापडायचं नाही.

(दृश्य : इटलीतलं व्हेरोना. नदीवरचा जुना पूल.)

रोमन कवी कातुल्लुस, या व्हेरोनाचा. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. तिशीच्या आसपास गेला. १३००च्या सुमारास इथे त्याच्या कवितांचं एक हस्तलिखित हाती लागलं, नकला झाल्या, आणि मूळ प्रत पुन्हा गायब. आज जे वाचतो ते त्या नकलांच्या जिवावर.

अर्थ सोपा आहे. राग राग करतो, प्रेमही करतो. असं का करतो, विचारशील. ठाऊक नाही, पण होतंय, जाणवतंय, आणि... शेवटच्या शब्दापाशी थांबू.

सतराव्या शतकात इंग्रज कवी रिचर्ड लव्हलेसने हे इंग्रजीत आणलं. ‘नो’ला, म्हणजे जाणण्याला, ‘सो’चं यमक जुळवलं आणि वेदनेच्या जागी जळणं घातलं. ओळ गोड झाली. जरा जास्तच गोड. १९६९ साली लुई आणि सीलिया झुकोफ्स्की या अमेरिकन जोडप्याने दुसरं टोक गाठलं : अर्थ मागे, आधी आवाज धरायचा. ‘ओदी एत आमो’चं झालं ‘ओ द हेट आय मूव्ह लव्ह’. मोठ्याने म्हणून बघा. हसू येतं, पण कान लॅटिनच ऐकतो.

इंग्रजीची खरी अडचण ‘आय’ची. ‘ओदी’ या एका शब्दात ‘मी’ आलाच. इंग्रजीला तो दर वेळी दारात उभा करावा लागतो. मराठीत ‘करतो’ म्हटलं की भागतं. शिवाय ‘फाकिआम’ आणि ‘फिएरी’ म्हणजे आपलं करणं आणि होणं. करतो कशाला, तर करत नाही, होतंय! फक्त ‘करतो’ की ‘करते’, हे मराठीला आधीच ठरवावं लागतं. लॅटिन क्रियापद तिथे गप्प राहतं.

(दृश्य : आपिया रस्ता, रोमबाहेर. दगडी फरसबंदी.)

आता ‘एक्स्क्रूकिओर’. त्याच्या पोटात ‘क्रुक्स’ आहे, म्हणजे वधस्तंभ. इसवी सनापूर्वी ७१मध्ये स्पार्टाकसच्या पुढारीपणाखालचं गुलामांचं बंड मोडलं, तेव्हा कापुआपासून रोमपर्यंत याच रस्त्याच्या कडेने सहा हजार गुलाम क्रुसावर चढवले गेले. कातुल्लुस तेव्हा पोरसवदा होता. त्याच्या वाचकांना या शब्दात लाकूड दिसत असणार, खिळे दिसत असणार.

इंग्रजीत त्याच शब्दाचा वंशज आहे, ‘एक्स्क्रुशिएटिंग’. पण तो हल्ली दाढदुखीलाही चालतो.

मराठीत काय म्हणाल? ‘तळमळतो’ मऊ पडतं. ‘हाल होतायत’ म्हणजे रेल्वेच्या गर्दीतलं. मी वहीत लिहून ठेवलंय : ‘सुळावर आहे.’

(पडदा पुन्हा काळा. लॅटिन ओळी, या वेळी सावकाश.)