कोड फुटत नाही, तरी माणूस सापडतो

(पडद्यावर: पाठीवर रेडिओ, लांब अँटेना, चालणारा सैनिक)

सैन्याचा रेडिओ म्हटलं की सगळ्यांना आधी कोड आठवतो. शत्रूने ऐकलं तरी त्याला कळलं नाही पाहिजे, बस. पण खरं सांगायचं तर ते काम आता बऱ्यापैकी सुटलेलं आहे, चांगलं एन्क्रिप्शन छोट्याशा चिपमध्ये बसतं. डोकेदुखी वेगळीच आहे, तुम्ही काय बोलताय ते लपतं पण तुम्ही बोलताय हे लपत नाही.

आधी थोडं मागे जाऊ. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेने सिगसॅली नावाची यंत्रणा बनवली, पेंटागॉन ते लंडन फोनसाठी. दोन्ही टोकांना सेम ग्रामोफोन रेकॉर्ड, त्यात नुसती खरखर, ती आवाजात मिसळायची आणि पलीकडे तीच वजा करायची, आणि रेकॉर्ड एकदा वापरली की नष्ट. भारी होतं, पण वजन ५० टनांच्या वर! त्याच युद्धात अमेरिकन पायदळाच्या पाठीवर एससीआर-३०० रेडिओ होता, साधारण १५-१७ किलोचा, आणि त्यावर सगळं उघड बोलणं. म्हणजे जे सुरक्षित होतं ते हलत नव्हतं आणि जे हलत होतं ते कोणीही ऐकावं.

(पडद्यावर: रेडिओचा डायल, जवळून)

मग आलं फ्रिक्वेन्सी हॉपिंग, म्हणजे रेडिओ एका चॅनलवर न थांबता सतत एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. अमेरिकन सैन्याचा सिंकगार्स रेडिओ घ्या, ३० ते ८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात २३२० चॅनल आणि सेकंदाला १११ उड्या. एका चॅनलवर कान लावून बसलेल्याला काय मिळणार, टिक टिक. पण सगळ्या सेटना उड्यांचा क्रम एकच लागतो आणि घड्याळही एकच लागतं, म्हणून निघण्याआधी प्रत्येक सेटला फिल डिव्हाइस (की भरायचं छोटं यंत्र) जोडून की, म्हणजे गुप्त आकडे, भरायची, वेळ जुळवायची, कॉम चेक करायचा, म्हणजे एकमेकांना ऐकू येतंय का ते बघायचं. एकाचं घड्याळ चुकलं की तो नेटच्या, म्हणजे एकत्र बोलणाऱ्या सेटच्या गटाच्या, बाहेर, ओरडा किती ओरडायचं ते. आणि सेट शत्रूच्या हाती जाणार असं वाटलं तर नॉब फिरवून सगळ्या की पुसायच्या, ती सोय सेटवरच असते.

इथपर्यंत ठीक. पण अँटेनातून ऊर्जा बाहेर पडतेच ना, आणि दोन-तीन ठिकाणांहून तिची दिशा मोजली की रेषा जिथे छेदतात तिथे तुम्ही. कोड फोडायची गरजच नाही. २१ एप्रिल १९९६, चेचेन नेता झोखर दुदायेव सॅटेलाइट फोनवर बोलत होता, रशियन क्षेपणास्त्र तिथेच आलं. मोबाइल तर अजून वाईट, तुम्ही कॉल करा न करा, तो चालू असला की अधूनमधून टॉवरला हजेरी लावतोच. शिवाय जुन्या टूजीत टॉवर फोनला ओळखतो पण फोन टॉवरला तपासत नाही, त्यामुळे खोटा टॉवर उभा करणं सोपं. २०२३ च्या पहिल्याच रात्री युक्रेनमधल्या, रशियाच्या ताब्यातल्या माकिइव्हका शहरात रशियन सैनिक राहत होते त्या इमारतीवर रॉकेट पडले, रशियाने ८९ मेले म्हणून सांगितलं आणि कारण दिलं बंदी असताना वापरलेले मोबाइल. (एवढी माणसं एका इमारतीत कोणी ठेवली, हे विचारणारे रशियातही होते, आणि माझ्या मते प्रश्न बरोबर होता.)

(पडद्यावर: झाडीत उभी अँटेना, तिथून निघालेली केबल)

मग उपाय काय, तर बरेचसे साधेच. पॉवर गरजेपुरतीच ठेवा, मेसेज आधी टाइप करून एका झटक्यात सोडा, डायरेक्शनल अँटेना (एकाच दिशेला सिग्नल सोडणारी) वापरा, आणि कमांड पोस्टपासून अँटेना लांब नेऊन मध्ये केबल टाका म्हणजे गोळा पडला तर अँटेनावर पडेल. काही लिंक मुद्दाम ६० गिगाहर्ट्झवर चालवतात, तिथे हवेतला ऑक्सिजनच सिग्नल गिळतो त्यामुळे लांबच्या माणसाला काही ऐकूच जात नाही, अर्थात रेंजही तेवढीच छोटी.

आणि युक्रेनच्या खंदकांत तर सोव्हिएत काळातले टीए-५७ फील्ड टेलिफोन पुन्हा बाहेर निघाले, हँडल फिरवायचं आणि तारेवरून बोलायचं. हवेत काही जातच नाही त्यामुळे जॅमरचं (रेडिओ सिग्नल दाबून टाकणाऱ्या यंत्राचं) काही चालत नाही, फक्त तोफमाऱ्यात तार तुटली की कोणालातरी उठून ती जोडायला जावं लागतं.